लेकरं मोजू नयेत

हल्ली झोप लवकर लागत नाही. घरात मी एकटीच. मग पडल्या पडल्या मी एक रस्ता म्हणते. पाचोरा, भडगाव, पारोळा, धुळं, कुसुंबा, नेर, साक्री, दहिवेल, कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी, नवापूर. पुढे सुरतेपर्यंतची गावंही पाठ आहेत, पण तिथवर मी क्वचित पोचते. दहिवेल आलं की थांबते. तिथे माझं एक काम राहून गेलंय.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना होता. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, नुकतीच झाली होती. माझी नणंद द्रौपदा सणाला माहेरी येऊन गेली आणि तिची तीन मुलं सुट्टीसाठी आमच्याकडे ठेवून गेली. सुरतेला उधन्यात तिनं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत होती. मोठे दीर भाईदासभाऊ मदतीला आधीच जाऊन पोचले होते. उरलेल्यांनी द्रौपदाची मुलं घेऊन यायचं ठरलं. मोठी जाऊ मंदाबाई आणि तिची चार, नणंदेची तीन, अशी एकूण सात लेकरं. शिवाय सासूबाई, माझे यजमान लीलाधर आणि मी.

पहा, मी लिहिता लिहिता मोजलीच.

गाडी नासीरची. एरवी तो मॅटाडोरमधून केळीचे घड नाहीतर वऱ्हाड न्यायचा. आमच्यासाठी त्यानं गाडी धुतली होती, तरी केळीचा चिकट वास काही गेला नव्हता. पुढे नासीर आणि आमचे हे. त्यांच्या मागच्या बाकावर सासूबाई आणि मंदाबाई. त्यांच्यामागे सामान: गव्हाचं पोतं, पापडांचे डबे, आंब्यांच्या दोन पाट्या, वास्तूसाठी घेतलेला तांब्याचा हंडा. आणि सामानाच्या पलीकडे, गाडीच्या तळावर गोधड्या अंथरून मी आणि मुलं. मंदाबाईला गाडी लागायची. ती म्हणाली, "सुनंदा, तू बस गं मागे पोरांजवळ. तुला काही होत नाही."

मला खरंच काही होत नसे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. आमचे हे जिनिंगमध्ये कापूस तोलायचे, मी घर सांभाळायचे, आणि गावात कुणाची ओटी भरायची असली की बायका ताट माझ्याकडे न देता शेजारणीकडे सरकवायच्या. कुणी तोंडानं काही बोलायचं नाही. ताट फक्त सरकायचं.

त्यामुळे मागे बसायला सांगितलं तेव्हा मला आनंदच झाला. सात लेकरं, आणि दिवसभर फक्त माझी.

सगळ्यांत लहान भिकन, चार वर्षांचा. मंदाबाईचा. त्याच्या नावाची गोष्ट सांगायला हवी. मंदाबाईला आधी पाच मुलं होती. एका लग्नाच्या पंगतीत सासूबाईंनी नातवंडं ओळीनं बसवली आणि कौतुकानं एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत व्याहीणबाईंना मोजून दाखवली. महिन्याभरात गोवरानं दोन गेली. त्यानंतर हा झाला. सासूबाईंनी पाच घरी जाऊन त्याच्यासाठी मूठ मूठ धान्य मागून आणलं, नाकात बाळी घातली आणि नाव ठेवलं भिकन. म्हणजे हा आमचा नव्हे, भीक मागून आणलेला. याच्याकडे कुणी बघायचं कारण नाही. घरात त्यानंतर लेकरं कुणी मोजली नाहीत. हे मला ठाऊक होतं. पण मागे बसलेल्या बाईनं सात पोरांवर लक्ष ठेवायचं तरी कसं?

मी एक खेळ काढला. नणंदेच्या राजश्रीला, ती नऊ वर्षांची, म्हटलं, "तू एक." पुढच्याला दोन. असं करत भिकन सात. गाडी थांबून पुन्हा निघायची झाली की, सासूबाई वर चढायच्या आत, मी हळूच म्हणायचे, "हजेरी!" आणि मुलं आपापला आकडा ओरडायची. भिकनला आकडे येत नव्हते. त्याला एवढंच माहीत, की सगळे ओरडून झाले की आपण "सात!" म्हणायचं आणि मग गाडी चालते. सात झाल्याशिवाय गाडी हलतच नाही, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. पारोळ्याला चहा झाला आणि हजेरी झाली. भिकन "सात" म्हणाला, त्याच क्षणी नासीरनं किल्ली फिरवली. भिकननं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू इंजिन त्यानंच सुरू केलं.

पुढे त्याला उलटी झाली, म्हणून धुळ्यापर्यंत सासूबाईंनी त्याला पुढे मांडीवर घेतलं. धुळ्यात गाडी थांबली, मुलं पाणी प्यायली, रसवंतीवर रस झाला. भिकन पुन्हा माझ्याकडे आला. सासूबाई आधीच पुढे येऊन बसल्या होत्या, आणि इंजिन बंद असल्यानं सगळं शांत होतं. मी विसरले. मोठ्यानंच म्हटलं, "हजेरी!"

"एक!" "दोन!" "तीन!"

सातपर्यंत पोचलंच नाही. सामानावरून सासूबाईंचं तोंड दिसलं.

"काय करी राहिनी व तू? लेकरे मोजतस का कोनी?"

"नाही माय, खेळ आहे. लक्ष राहावं म्हणून..."

"बठ्ठा शेतस. दिखतस नही का तुले?" म्हणजे सगळी आहेत, दिसत नाहीत का. आणि मग जरा थांबून, पदर सारखा करत म्हणाल्या, "आनि मोजाले तूच भेटनी का?"

मंदाबाई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती. आमचे हे पुढे बसून काचेवरची धूळ रुमालानं पुसत होते. नासीरनं गाडी सुरू केली आणि उगाच हॉर्न दिला.

नेरजवळ राजश्रीनं विचारलं, "मामी, आता हजेरी नाही का?"

"नाही गं. आता झोपा."

भिकन माझ्या डाव्या गुडघ्यावर डोकं ठेवून झोपला. त्याच्या बाळीचा मोती माझ्या लुगड्यात अडकत होता. मी तो सोडवायचे, तो पुन्हा अडकायचा.

दहिवेलच्या अलीकडे मागचं चाक बसलं. रस्त्याकडेला दोन कडुनिंब, एक हॉटेल आणि पंक्चरचं दुकान होतं. दुकानाला लागूनच पंक्चरवाल्या अय्युबचं घर, अंगणात चार शेळ्या. चाक होईपर्यंत जेवून घ्या, असं ठरलं. आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदा सोडला. मुलांना गुळाच्या दशम्या दिल्या. जेवता जेवता मुलं उठली, शेळ्यांकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. ऊन असं, की डांबर मऊ झालेलं.

"चला अक्का, झालं चाक," नासीर म्हणाला.

पोरांना हाका मारल्या. सगळी एकदम धावत आली, एकमेकांना ढकलत मागून चढली. मी शेवटी चढले. दार लावलं. गोधडीवर बसले. आणि सवयीनं माझे ओठ उघडले. सामानाच्या फटीतून सासूबाईंचा एक डोळा दिसत होता, माझ्यावर रोखलेला. मी ओठ मिटले.

गाडी निघाली.

आता जे लिहिते आहे ते मी पुढे कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना मी एकच सांगत आले: मला वाटलं, भिकन पुढे आजीच्या मांडीवर आहे. ते खोटं नाही. धुळ्यापर्यंत तो पुढे होताच. पण माझा डावा गुडघा हलका होता, आणि तो हलका आहे हे मला दहिवेल सुटताच कळलं होतं. नुसतं "भिकन पुढे आहे का?" एवढं विचारायचं होतं. तोंडातून चार शब्द काढायचे होते. मी काढले नाहीत. मनात म्हटलं, मोजायची नाहीत ना, मग बघा तुमचं तुम्ही. बठ्ठा शेतस म्हणालात ना? असतील.

घाट लागला. पुढे भरलेले ट्रक, आम्ही त्यांच्यामागे गोगलगायीसारखे. पोरं पेंगली. मी एकदा राजश्रीच्या अंगावरून हात लांब करून पलीकडच्या गोधडीखाली चाचपलं. तिथे एक उशी होती. मी हात मागे घेतला. तरी बोलले नाही. घाट संपेपर्यंत बोलले नाही.

विसरवाडीला नासीर गाडीत पाणी घालायला थांबला. मंदाबाई खाली उतरली, तोंडावर पाणी मारलं आणि मागे येऊन काचेतून डोकावली. "भिकन झोपला का गं?"

मी म्हटलं, "पुढे नाही का?"

तिचं तोंड मी अजून विसरले नाही. तिनं दार उघडलं आणि एकेक मूल हातानं बाजूला करत, उशा, गोधड्या, आंब्यांच्या पाट्यांच्या मागे, हंड्याच्या आतसुद्धा पाहिलं. हंड्यात! मग रस्त्यावरच खाली बसली.

नासीरनं गाडी वळवली. चाकं रस्ता सोडून खाली उतरली, तरी त्यानं ती तशीच ओढून काढली. परतीचा घाट उतरायचा नव्हता, चढायचा होता. आमचे हे सारखे म्हणत होते, "दाब ना जरा, दाब ना." नासीर म्हणाला, "लीलाधरभाऊ, ट्रकच्या पोटातून काढू का?"

मंदाबाई आता मागे, माझ्यासमोर बसली होती. ती मला म्हणाली, "तू मागे होतीस ना. तुझ्याजवळ दिलं होतं ना मी?"

मी म्हटलं, "हो."

पुढून सासूबाईंचा आवाज आला. रडत होत्या. "धुयाले मोजं ना हिनी. देख, आते काय व्हयनं."

मोजलं म्हणूनही मीच, आणि मोजलं नाही म्हणूनही मीच. मला वाटलं, आमचे हे एकदा तरी मागे वळून बघतील. त्यांची मान मला सामानावरून दिसत होती. घामानं कॉलर भिजली होती. ती मान वळली नाही. मुलंही सगळी आईच्या, म्हणजे मंदाबाईच्या बाजूला सरकली होती. नणंदेचीसुद्धा. माझ्या बाजूची गोधडी सगळी रिकामी झाली. मी मनातल्या मनात देवीला म्हणत होते, मला काहीही कर. पण "काहीही" म्हणजे काय, ते मला सुचत नव्हतं. माझ्याकडून नेण्यासारखं असं देवीला काय होतं?

कडुनिंब दिसले. नासीरनं गाडी थांबवण्याआधीच मंदाबाईनं दार उघडलं.

भिकन अय्युबच्या अंगणात खाटेवर बसला होता. मांडीवर शेळीचं करडू, हातात भाकरीचा तुकडा, नाकाला शेंबूड. रडून झालेलं होतं, बऱ्याच आधी. अय्युबची बायको खातून त्याला पंख्यानं वारा घालत होती. मंदाबाईनं त्याला करडासकट उचललं.

खातून म्हणाली, "शेळीच्या मागे गेला होता घराच्या पाठी. आला तर गाडी गेलेली. हमने बोले, तेरा नाम क्या, गाव क्या. काही सांगेना. बस रस्त्यावर जाऊन उभा, आणि हर गाडीकू सात, सात करके चिल्ला रा था. ट्रक आला, सात. यष्टी आली, सात. हमकू लगा घराचा नंबर आहे, नाहीतर बसचा. ये सात क्या है, बाई?"

मुलं माझ्याकडे बघत होती. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

भिकन आईच्या खांद्यावरून म्हणाला, "काकू, मी किती वेळा म्हटलं. गाडी थांबलीच नाही."

मी हॉटेलच्या मागे गेले. तिथे पाण्याची टाकी होती. तोंड धुतलं, पुन्हा धुतलं.

परत आले तर सासूबाई दृष्ट काढत होत्या. मीठ आणि लाल मिरच्या खातूननंच दिल्या होत्या, निखारेही तिच्याच चुलीतले. "आल्यागेल्याची, वाटेची, घाटाची, दारच्याची..." त्या म्हणत होत्या, आणि मूठ भिकनवरून उतरवत होत्या. "घरच्याची" म्हणायचं ठिकाण आलं तेव्हा त्यांची मूठ थबकली. मी कडुनिंबाखाली उभी होते, मुद्दाम लांब. त्या ते म्हणाल्या की नाही, मला ऐकू आलं नाही. मिरच्या निखाऱ्यावर पडल्या. ठसका लागला तो फक्त मला आणि खातूनला.

गाडीत भिकन पुढे, आईजवळ. मागे मी आणि सहा. नासीरनं किल्ली फिरवली. तेवढ्यात पुढून भिकनचा आवाज आला, "सात!"

त्याच्याआधीचे सहा आकडे कुणी म्हटले नव्हते. गाडी निघाली.

वास्तुशांत चांगली झाली. मी पुऱ्या लाटल्या. बाकीचे राहिले, आम्ही दोघं तिसऱ्या दिवशी सुरत-भुसावळ पॅसेंजरनं परत निघालो. ह्यांना जिनिंगमध्ये काम होतं, असं सांगितलं. मे महिन्यात जिनिंगमध्ये कसलं काम? नरडाण्याला गाडी फार वेळ थांबली. ह्यांनी खिडकीतून चहा दिला. म्हणाले, "माय बोलली ते मनावर घेऊ नको."

मी म्हटलं, "तसं नाही. मला एक सांगायचंय."

"राहू दे आता. झालं गेलं," ते म्हणाले, आणि कप परत द्यायला गेले. चांगला माणूस होता. पण काही सांगायला लागलं, की कप परत द्यायला जायचा.

पुढे कधी कुठल्या प्रवासात लेकरांजवळ मला बसवलं नाही. कुणी तसं म्हटलं नाही. ताट सरकतं तशी जागा सरकली. मंदाबाई माझ्याशी वाईट वागली नाही. सणाला लुगडं द्यायची. भिकन मोठा होत गेला, सात वगैरे विसरून गेला. शाळेत त्याचं नाव वेगळं लावलं होतं.

नऊ वर्षांनी सासूबाई आमच्याकडे पाचोऱ्याला राहायला आल्या. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते, दवाखाना आमच्या घराजवळ होता. मी त्यांना न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे. आमचं बोलणं भाजी, औषध, ऊन एवढंच.

त्या वर्षीची आखाजी आमच्याकडेच झाली. द्रौपदा आली, मंदाबाई आली, राजश्री कडेवर तान्ही घेऊन आली. अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधला होता. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सगळं तयार. सासूबाई दारात खाटेवर बसल्या होत्या. पोरांचा गलका ऐकून त्यांनी मान वर केली.

"सुनंदा व, बठ्ठा उनात का?"

"आले माय."

त्या हातानं खाटेची दोरी चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोजी देख."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. स्वयंपाकघरात मंदाबाईच्या हातातली पळी थांबली.

मी उंबऱ्यावर उभी राहिले. बोट पुढे केलं. मोठ्यानं म्हटलं, "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा." मुलं म्हणण्यासारखी आता ती राहिली नव्हती, मिशा फुटलेली, लुगड्यातली. झोक्यावरून राजश्री माझ्याकडे बघत होती.

"सहाच आहेत माय," मी म्हटलं. "एक कमी आहे. भिकन. जळगावहून यायचाय."

"मंग थांबूत," सासूबाई म्हणाल्या.

द्रौपदानं पुष्कळ सांगितलं, "माय, तो येईल तेव्हा येईल, दोनची गाडी चुकली असेल. तू जेवून घे, गोळी घ्यायची आहे." सासूबाईंनी ताट हातानं दूर सारलं. मग बाकीचे जेवले. पोरं भुकेली होती, त्यांना कोण थांबवणार? जेवून सगळे पुन्हा झोक्याकडे गेले. खोलीत आम्ही दोघी राहिलो, आणि फडकं झाकलेली तीन ताटं.

मी माश्या वारत बसले. खाटेजवळ, जमिनीवर. मग मी ते म्हटलं. नऊ वर्षं तोंडात धरलेलं.

"माय, दहिवेलहून निघालो तेव्हाच मला कळलं होतं. माझा गुडघा हलका लागत होता. मी मुद्दाम बोलले नाही."

मला वाटलं, सासूबाईंना झोप लागली असेल. त्यांचे पांढरे डोळे दाराकडे होते, जिथे नुसतं ऊन होतं.

"मनी मांडी बी रिकामीच व्हती व," त्या स्वतःच्या मांडीवर हात ठेवत म्हणाल्या.

बाहेर झोक्याच्या दोऱ्या करकरत होत्या. बाकीच्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, शेजारच्या घरातून यावा तसा.

साडेतीनच्या एसटीनं भिकन आला. दारातच चपला काढत म्हणाला, "हे काय? तुम्ही दोघी अजून जेवल्या नाहीत?"

मी ताटांवरचं फडकं काढलं.